आकाशातली शेजपाळी



पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या माणसाला शेजपाळी म्हणजे काय, हे मी सांगायला नको. धरणातून आवर्तन सुटते. कोणाच्या शेताला केव्हा पाणी मिळायचे, हा क्रम आधीच कागदावर ठरलेला असतो. पाळी रात्री दोन वाजता आली तरी शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर हजर राहतो. थंडी असो की विंचूकाट्याचे भय असो, तो जातो. कारण ही पाळी हुकली तर पुढच्या आवर्तनापर्यंत थांबावे लागेल, हे त्याला ठाऊक असते. आणखीही एक गोष्ट त्याला ठाऊक असते. पाळी कागदावर आहे, म्हणून तर आपल्यासारख्या लहान माणसाच्या वाट्याला पाणी येते. कागद नसता तर ते कोणाच्या मळ्यात गेले असते, ते गावात सर्वांनाच माहीत आहे!

शिक्षक श्रोत्यांना असाच दुसरा एक कागद परिचयाचा आहे. सेवाज्येष्ठतेची यादी. खाजगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीतील 'अनुसूची फ' हे शब्द उच्चारले, की शिक्षकांच्या खोलीतला चहा थंड होतो. कोण आधी रुजू झाला, कोण मागाहून. दोघे एकाच दिवशी लागले असतील तर वयाने वडील कोण. यावरून पुढे मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर कोणाचा हक्क, ते ठरते. एका दिवसाच्या अंतराने मागे राहिलेले आणि त्या एका दिवसाची आठवण निवृत्तीपर्यंत काढणारे गुरुजी मी पाहिले आहेत. तुम्हीही पाहिले असतील.

आज मला बोलायचे आहे ते या दोन्ही कागदांच्या तिसऱ्या भावंडाविषयी. हा तिसरा कागद असतो विमान कंपनीत, आणि त्यावर वैमानिकांची नावे असतात. तुम्ही म्हणाल, सर, आमचा आणि वैमानिकांचा संबंध काय? पूर्वी नव्हता, हे खरे. ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना झाला, तेव्हापासून आपल्या भागाला विमानाचा आवाज ओळखीचा झाला. पण विमान चालवणारा माणूस आपल्या घरातला नव्हता. आता दिवस पालटले आहेत. बारामती, धुळे, शिरपूर अशा ठिकाणी विमान चालवण्याचे शिक्षण मिळू लागले, आणि द्राक्षे-कांदे पिकवणाऱ्या घरांतली मुलेमुली वैमानिक होण्याची भाषा बोलू लागली. म्हणून हा कागद आपल्यालाही वाचता आला पाहिजे.

प्रथम या कागदाची रीत समजून घेऊ. विमानाच्या पुढच्या खोलीत दोन आसने असतात. डाव्या आसनावर कॅप्टन, उजव्या आसनावर सहवैमानिक. उड्डाणाची अखेरची जबाबदारी कॅप्टनची. नवा मुलगा दोनशे तासांचे उड्डाण करून व्यावसायिक परवाना मिळवतो, विशिष्ट जातीचे विमान चालवण्याचे वेगळे शिक्षण घेतो, आणि कंपनीत उजव्या आसनावर बसतो. ज्या दिवशी तो रुजू होतो त्या दिवशी त्याला यादीत एक क्रमांक मिळतो. त्याच्या तुकडीतले सगळे एकाच दिवशी आलेले असतील, तर कोठे वयावरून, कोठे परीक्षेतील गुणांवरून पुढे-मागे ठरते. एवढे झाले की क्रमांक पक्का. वरचे लोक निवृत्त होतील, सोडून जातील, किंवा कंपनी नवी विमाने घेईल, तसतसा तो वर सरकत जातो. त्याने स्वतः कितीही धावपळ केली तरी त्या धावपळीने क्रमांक वर सरकत नाही.

या क्रमांकावर किती गोष्टी टांगलेल्या असतात पहा. डाव्या आसनाच्या शिक्षणाला केव्हा बोलावणे येणार? लहान विमानावरून मोठ्या विमानावर केव्हा जाणार? कोणत्या शहरी नेमणूक मिळणार? अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांत तर महिन्याची उड्डाणे आणि नाताळची सुटीसुद्धा क्रमांकाप्रमाणे मागून घ्यायची असते. आणि मंदी आली, माणसे कमी करायची झाली, तर बहुधा यादीच्या तळापासून सुरुवात होते. जो शेवटी आला, तो आधी जातो.

आता कोणी विचारील, हा कसला न्याय? हुशार माणूस पुढे जायला नको का? प्रश्न रास्त आहे. परंतु यादीच्या बाजूनेही एक मोठी गोष्ट आहे. कॅप्टनवर दोनदीडशे माणसांचे प्राण अवलंबून असतात. समोर वादळ आहे, धावपट्टीवर धुके आहे, यंत्रात काही शंका आहे, अशा वेळी "मी विमान नेणार नाही" असे म्हणण्याचा त्याला अधिकार असतो. पण त्या नकारामुळे कंपनीचे नुकसान होते, प्रवासी चिडतात, वरिष्ठांच्या कपाळाला आठी पडते. त्याची पुढची बढती जर साहेबांच्या मर्जीवर असती, तर "नाही" हा शब्द त्याच्या तोंडून तितक्याच सहजपणे निघाला असता का? यादी त्याला सांगते, बाबा रे, तुझा क्रमांक कोणी खाली नेऊ शकत नाही. तू निर्धास्तपणे खरे ते बोल. पगारवाढीहूनही हे अभय मोलाचे आहे, आणि त्याचा लाभ मागे बसलेल्या प्रवाशाला होतो.

दुसरी गोष्ट अशी, की क्रमांकाला जात नसते, आडनाव नसते, ओळखपाळख नसते. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक असलेल्या या बाईंनी १९८५ साली कलकत्ता ते सिल्चर असे विमान नेले, तेव्हा कॅप्टन त्या आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. सबंध चमू स्त्रियांचा. आपल्या देशातले असे ते पहिलेच उड्डाण. बाईने विमान चालवावे की नाही, यावर त्या काळी लोकांची मते काय असतील, याची कल्पना करा. माणसाच्या मताला वळण लागायला पिढ्या जातात. यादीला असे मतच नसते. ती एवढेच विचारते, की पाळी कोणाची आणि परीक्षा उतरली का.

येथवर यादीचे गुण झाले. आता तिची दुसरी बाजू, आणि ती मला माझ्या एका विद्यार्थ्याने शिकवली.

मी मराठीचा प्राध्यापक. विमानाशी माझा संबंध प्रवाशापुरताच, तोही क्वचित. हा मुलगा निफाड तालुक्यातला. विज्ञान शाखेत होता, पण निबंध सुरेख लिहायचा. पुढे तो वैमानिक झाला. त्याच्या शिक्षणासाठी वडिलांनी दोन एकर बाग गहाण टाकली होती. मुलगा एका कंपनीत लागला आणि सात वर्षे उजव्या आसनावर बसला. दर दिवाळीला भेटायला यायचा. मी विचारायचो, "काय रे, कितवा आलास?" तो हसून सांगायचा, "सर, आता माझ्या पुढे दीडशे आहेत." पुढच्या वर्षी नव्वद. मग चाळीस. कर्जाचे हप्ते, बहिणीचे लग्न, घराचे वाढते खोलीकाम, सगळे त्या चाळिसाकडे डोळे लावून बसले होते.

आणि ती कंपनी बंद पडली. काही महिन्यांचा पगार अडकला, तो भाग निराळाच. मुलगा काही महिने घरी बसला. मग दुसऱ्या एका कंपनीने त्याला घेतले. उड्डाणाचे हजारो तास त्याच्या नावावर होते, ते त्याच्याबरोबर गेले. परवाना गेला, अनुभव गेला. क्रमांक तेवढा गेला नाही. नव्या कंपनीच्या यादीत त्या दिवशी रुजू झालेल्यांत त्याचे नाव तळाला लागले. त्याचे वडील मला कॉलेजात भेटायला आले आणि म्हणाले, "सर, पोरगं काही नापास झालं नाही ना? मग त्याला परत पहिलीत का बसवलं?"

मला उत्तर देता येईना. पुढे मुलगा आला तेव्हा म्हणाला, "सर, परवा माझ्या डाव्या हाताला जो कॅप्टन बसला होता तो फ्लाइंग स्कूलला माझ्या मागे तीन वर्षं होता. विमानात मी त्याला 'सर' म्हणतो. खाली उतरलो की तो मला 'दादा' म्हणतो." हे सांगताना त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पण तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला, एवढे मला आठवते.

हे एकट्या त्याचे दुखणे नव्हे. आपल्या देशात किंगफिशरची उड्डाणे २०१२ साली थांबली, जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी शेकडो वैमानिकांना दुसरे दार ठोठवावे लागले. यात जे आधीच कॅप्टन झालेले होते, त्यांना दुसरीकडे पुष्कळदा कॅप्टन म्हणूनच घेतले जाते. खरी कोंडी होते ती अधल्यामधल्यांची. ज्यांची पाळी तोंडावर आली होती, पण आली नव्हती, त्यांची. पाणी चारीपर्यंत आले आणि धरणच आटले, अशातली गत.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हे चटकन समजेल. आंतरजिल्हा बदली मागून माणूस आपल्या गावाजवळ येतो. त्याचा पगार टिकतो, पण ज्येष्ठता नव्या जिल्ह्यात पुन्हा मुळापासून सुरू होते. घराजवळ आल्याचा आनंद आणि यादीत मागे पडल्याचे दुःख, दोन्ही एकाच आदेशात येतात. फरक इतकाच, की शिक्षक बदली स्वतः मागतो. कंपनी बुडते तेव्हा वैमानिकाने काहीच मागितलेले नसते.

यादीचे आणखी एक संकट आहे, ते म्हणजे विलीनीकरण. दोन कंपन्या एक होतात तेव्हा विमाने एकत्र करणे सोपे, रंग बदलणे त्याहून सोपे. दोन याद्यांची एक यादी करणे महाकठीण.

आपल्या देशात हे किती वेळा घडले पहा. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले, तेव्हा त्यांच्या सेवेतले वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. तेथे यादी कसली? पुढे कंपन्या वाढल्या. १९५३ साली सरकारने विमानवाहतूक आपल्या हाती घेतली आणि देशातल्या आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स हे एक महामंडळ केले. परदेशी जाणाऱ्या विमानांसाठी एअर इंडियाचे महामंडळ वेगळे राहिले. चोपन्न वर्षे ही दोन घरे वेगळी नांदली. प्रत्येकाची विमाने वेगळी, पगाराची रीत वेगळी, बढतीचा वेग वेगळा. आणि २००७ साली दोन्ही घरांची चूल एक करण्यात आली.

आता ही यादी कशी करावी? क्षणभर दोन शिक्षणसंस्थांचे उदाहरण घ्या. एकीत बारा वर्षांत मुख्याध्यापक होता येते, दुसरीत वीस वर्षे लागतात. उद्या त्या एक झाल्या. रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे नावे लावली, तर वीस वर्षे थांबलेले शिक्षक एकदम बारावाल्यांच्या डोक्यावर येतात. एका संस्थेची यादी आधी आणि दुसरीची तिच्या खाली जोडली, तर दुसरीतल्या माणसांचे आयुष्य वाया जाते. दोन्ही याद्या वेणीसारख्या गुंफल्या, इतके यांचे मग इतके त्यांचे, तर दोन्हीकडचे लोक म्हणतात की आमचे पेड बारीक झाले. चौथी युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही.

एअर इंडियात काय झाले, ते वर्तमानपत्रांत आपण वाचलेच. एप्रिल २०११ च्या अखेरीस पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान पगारासाठी संपावर गेले. दहा दिवस संप चालला. सरकारने सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली आणि समितीने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या बाजूचे, म्हणजे मूळच्या एअर इंडियाचे वैमानिक कामावर येईनासे झाले. भांडण कशाचे? ड्रीमलायनर नावाची नवी विमाने यायची होती. ही विमाने आमच्यासाठी मागवलेली, त्यांच्या शिक्षणाला आधी आमची माणसे पाठवा, असे त्यांचे म्हणणे. दोन्हीकडच्यांना सारखी संधी मिळावी, हे व्यवस्थापनाचे म्हणणे. हा संप अठ्ठावन्न दिवस चालला. बाहेरच्या माणसाला वाटले, काय ही हटवादी मंडळी! पण ज्याने मोठ्या विमानाच्या पाळीसाठी दहा-पंधरा वर्षे काढली, त्याच्या दृष्टीने कोणी तरी मध्येच आपल्या चारीचे दार फोडले होते. आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाच्या दृष्टीने, पाट एक झाल्यावर पाण्यावर दोघांचाही हक्क होता. दोघेही आपापल्या जागी खरे होते, श्रोतेहो. म्हणून तर भांडण इतके लांबले. पुढे जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली, नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात मिसळली, आणि वेगवेगळ्या घरांतून आलेल्या वैमानिकांना एका रांगेत उभे करण्याचा प्रश्न पुन्हा दारी आला.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही हा प्रश्न चुकला नाही. २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने टी. डब्ल्यू. ए. ही जुनी कंपनी विकत घेतली. तिच्या पुष्कळ वैमानिकांना नव्या यादीत अगदी खाली जागा मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कवर हल्ला झाला, विमानप्रवास आटला, आणि माणसे कमी करताना तळच्यांवर आधी पाळी आली. वर्षानुवर्षे कॅप्टन राहिलेली माणसे घरी बसली. शेवटी २००७ साली तेथे कायदा झाला, की कंपन्या एक होताना याद्या न्यायाने व समतोलपणे जोडल्या पाहिजेत. त्याच वर्षी वैमानिकांचे निवृत्तीचे वय साठावरून पासष्ट झाले. वरच्यांना पाच वर्षे मिळाली. खालच्यांची पाळी तितकी पुढे गेली. कायदा चांगला असला तरी त्याची किंमत रांगेत कोणी तरी मोजतच असतो.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. ज्येष्ठतेने काय ठरावे आणि काय ठरू नये?

२२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला येणारे विमान धावपट्टीच्या पुढे निघून दरीत कोसळले. १५८ माणसे गेली, आठ वाचली. चौकशीत दिसून आले, की विमान फार उंचावरून उतरत आहे हे सहवैमानिकाच्या लक्षात आले होते आणि विमान पुन्हा वर घ्या, असे त्याने एकदा नव्हे तर अनेकदा सुचवले होते. डाव्या आसनाने उजव्या आसनाचे ऐकले नाही. मोठेपणाचा मान ठेवण्यात आपण पिढ्यान्पिढ्या वाढलेलो आहोत. वडिलांना उलट बोलायचे नाही, गुरुजींची चूक काढायची नाही. घरात हे शोभत असेल. विमानात मात्र नवख्यालाही "थांबा, हे चुकते आहे" असे म्हणता आले पाहिजे, आणि म्हणताच मोठ्याने थांबले पाहिजे. म्हणून जगभर वैमानिकांना आता हे बोलणे आणि हे ऐकणे मुद्दाम शिकवतात. शिवाय क्रमांक कितीही वरचा असो, ठरावीक मुदतीने प्रत्येकाची परीक्षा होते. विमानाच्या खोलीची हुबेहूब नक्कल केलेल्या यंत्रात बसवून एक इंजिन बंद पाडतात, आग लागल्याचा इशारा देतात, आणि माणूस काय करतो ते पाहतात. तेथे रुजू होण्याची तारीख कोणी विचारत नाही.

याचा अर्थ असा, की यादीने पाळी सांगावी. पाळी आलेल्या माणसाची लायकी परीक्षेने सांगावी. आणि प्रत्यक्ष प्रसंगी खरे काय ते, जो पाहतो त्याने सांगावे. या तीन गोष्टींची गल्लत झाली, की शाळा असो वा विमान, घात होतो. लायक माणूस मागे ठेवून मर्जीतल्याला पुढे काढणे हा अन्याय आहेच. पण "मी ज्येष्ठ आहे, म्हणून मी बरोबर आहे" असे समजणे हाही काही कमी धोका नव्हे.

मुलाला किंवा मुलीला या वाटेला घालू पाहणाऱ्या आईवडिलांना माझी एक विनंती आहे. शिक्षणाचा खर्च किती आणि पगार किती, एवढेच विचारून थांबू नका. कंपनी किती मजबूत आहे, कॅप्टन व्हायला तेथे साधारण किती वर्षे लागतात, कंपनी बंद पडली तर कर्जाचा हप्ता कोण भरील, हेही विचारा. कॅप्टनचा पगार धरून सहवैमानिकाच्या नावाने कर्ज काढू नका. आणि शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सांगतो, की गावातला असा एखादा मुलगा पुन्हा यादीच्या तळाला गेलेला दिसला, तर त्याला नापास समजू नका, आणि त्याच्या घरच्यांनाही समजू देऊ नका.

माझा विद्यार्थी गेल्या दिवाळीला आला होता. मी सवयीने विचारले, "कितवा आलास?" त्याने आकडा सांगितला. आकडा पुष्कळ मोठा होता. मग म्हणाला, "सर, आबा आता रोज रात्री विचारतात, आवर्तन कधी सुटणार? मी सांगतो, आबा, पाळी कागदावर आहे. येईल." त्याच्या वडिलांनी आयुष्यभर पाटावर याच भरवशावर रात्री काढल्या आहेत. तो भरवसा खरा ठरावा, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.